कर्जतला फार्मस्टे टाकताय? कर्ज काढण्याआधी शितावरून भाताची परीक्षा करून बघा

जुलै महिना, रविवारची सकाळ. मोबाईलवर एक रील येतं. हिरवागार डोंगर, उतरलेले ढग, समोर निळाशार स्विमिंग पूल, प्लेटमध्ये गरम कांदाभजी आणि खाली ओळ, "मुंबईपासून फक्त दोन तास!"

हे रील बघणारे दोन प्रकारचे असतात. पहिल्याला तिथे जायचं असतं. दुसऱ्याला तिथे तसंच काहीतरी टाकायचं असतं. वडिलांची कर्जत किंवा खालापूर तालुक्यात थोडी जमीन आहे, स्वतः डोंबिवली नाहीतर पनवेलला नोकरी करतोय, आणि डोक्यात एकच विचार: "आपली जागा यापेक्षा भारी आहे. चार खोल्या बांधल्या, एक पूल काढला की झालं."

हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे. त्याने स्वप्न बघू नये असं आम्हाला अजिबात म्हणायचं नाही. फक्त पहिला खर्च कशावर करायचा, एवढंच बोलायचं आहे.

आधी एक साधा हिशोब

समजा ६० लाखांचं कर्ज काढलं. व्याज १० टक्के, मुदत १० वर्षं. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ७९ हजार रुपये.

आता कमाई. चार खोल्या आहेत. कर्जत-खालापूरला पाहुणे मुख्यतः शनिवार-रविवारसाठी येतात, म्हणजे शुक्रवार आणि शनिवारची रात्र. महिन्याच्या ८ रात्री धरल्या तर चार खोल्यांची जास्तीत जास्त ३२ बुकिंग होतात. एका बुकिंगचे ३,००० रुपये मिळाले आणि जेवण, चादरी धुणं, गॅस, वीज, साफसफाई यात १,२०० गेले, तर हातात राहतात १,८००.

७९ हजारांचा हप्ता भरायला अशी ४४ बुकिंग लागतील. आणि सगळे वीकेंड फुल्ल गेले तरी होतात ३२. म्हणजे एकही खोली रिकामी न राहता दर महिन्याला २१ हजारांहून जास्त रक्कम खिशातून घालायची. यात अजून कामगारांचा पगार नाही, रंगरंगोटी नाही आणि मे महिन्याचा टँकरही नाही.

आकडे आपण समजण्यासाठी धरलेत. तुमचे वेगळे असतील. दर जास्त मिळेल, मधल्या वारी कंपन्यांचे ग्रुप येतील. पण येतील का? किती येतील? किती पैसे देतील? या प्रश्नांची उत्तरं आज तुमच्याकडे नाहीत. आणि उत्तरं माहीत नसताना ६० लाख घालणं हीच खरी अडचण आहे.

ही उत्तरं स्वस्तात कशी मिळवायची, याचं एक अख्खं शास्त्र आहे. जगात त्याला म्हणतात लीन स्टार्टअप.

लीन स्टार्टअप म्हणजे नेमकं काय?

एरिक रीस नावाच्या अमेरिकन उद्योजकाने २०११ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि हा शब्द जगभर पोचला. पुस्तकामागे त्याचा स्वतःचा पोळलेला अनुभव होता.

२००४ मध्ये त्याने मित्रांसोबत आयएमव्हीयू नावाची कंपनी काढली. कल्पना अशी की लोक आपापली थ्रीडी बाहुली बनवून एकमेकांशी चॅट करतील. त्यांनी गृहीत धरलं की लोकांना नवं चॅट अ‍ॅप नको असणार, म्हणून आपलं सॉफ्टवेअर जुन्या मेसेंजरना जोडलं पाहिजे. सहा महिने राबून त्यांनी ते बनवलं. लोकांनी ते वापरलंच नाही. समोर बसवून विचारल्यावर कळलं की मुळात कुणाला ती जोडणी नकोच होती. सहा महिन्यांचं काम कचऱ्यात गेलं.

रीसला प्रश्न पडला. हीच गोष्ट आपल्याला सहा महिने न राबता कळली असती का? उत्तर होतं, हो. काम सुरू करण्याआधी दहा लोकांना विचारलं असतं, एखादं कच्चं पान बनवून किती जण बटण दाबतात ते बघितलं असतं, तरी कळलं असतं.

'लीन' हा शब्द आला मोटारींच्या कारखान्यातून. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटा कंपनीत ताइची ओनो या इंजिनिअरने उत्पादनाची एक पद्धत बसवली. ज्या कामाचा ग्राहकाला काही उपयोग नाही, ते वाया गेलेलं काम. ते शोधा आणि काढून टाका. रीसने हाच विचार नव्या धंद्याला लावला. नव्या धंद्यात सगळ्यात जास्त काय वाया जातं? कुणालाच नको असलेली गोष्ट उत्तम प्रकारे बनवण्यात गेलेला वेळ आणि पैसा.

त्यावर त्याचा उपाय तीन शब्दांचा आहे: बनवा, मोजा, शिका. छोटंसं काहीतरी बनवा, खऱ्या ग्राहकापुढे ठेवा, काय झालं ते मोजा, त्यातून शिका आणि पुन्हा बनवा. ही फेरी जितकी लवकर आणि जितक्या स्वस्तात फिरेल तितकं चांगलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कॉम्प्युटरवाल्यांसाठी ठीक आहे, आमच्या शेतावर याचं काय काम? तर भावांनो, शेतावर हे काम आधीपासूनच चालू आहे. तेही कर्जतमध्येच.

कर्जतचा भात काय सांगतो?

शेतकऱ्यांना कर्जत-३, कर्जत-७ ही नावं वेगळी सांगायला नकोत. भाताच्या या जातींना कर्जतचं नाव मिळालं, कारण त्या कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात तयार झाल्या. हे केंद्र दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं आहे.

भाताची नवी जात तयार झाली की ती लगेच शेतकऱ्याच्या हातात देत नाहीत. आधी छोट्या छोट्या वाफ्यांत लावतात. शेजारीच जुनी जात लावतात, म्हणजे तुलना करता येते. एका वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून पीक चांगलं आलं असं होऊ नये, यासाठी अनेक हंगाम, अनेक ठिकाणी चाचणी घेतात. बऱ्याच जाती मध्येच बाद होतात. त्या वाफ्यातच बाद झाल्या हे बरंच झालं, नाहीतर हजारो एकरांवर बाद झाल्या असत्या.

आता याच तालुक्यातलं दुसरं उदाहरण बघा. नेरळजवळचं सगुणा बाग. अमेरिकेत शिकून १९७० च्या दशकात परत आलेले चंद्रशेखर भडसावळे यांनी इथे शेती केली आणि १९८० च्या दशकापासून शहरातले पाहुणे शेतावर यायला लागले. 'कृषी पर्यटन' हा शब्द तेव्हा फारसा कुणाला माहीतही नव्हता. तिथे गेलेल्यांना विचारा, काय लक्षात राहिलं? म्हशीवर बसलो, तळ्यात गळ टाकून मासे पकडले, सापांची माहिती ऐकली. म्हणजे लोक शेत बघायला आले आणि शेतावर जे असतं त्यावरच खूश झाले. शहरी माणसाला म्हैस दाखवायला आधी संगमरवरी बाथरूम लागत नाही.

याच भडसावळ्यांनी पुढे भाताच्या बाबतीत त्याहून मोठा प्रश्न विचारला. नांगरणी, चिखलणी, रोपं आणि लावणी केल्याशिवाय भात होतच नाही, हे कोकणात पिढ्यान् पिढ्या धरून चाललेलं. मजूर मिळेनात, पाऊस बेभरवशाचा झाला. मग हे सगळं खरंच लागतं का?

त्यातून आलं सगुणा राईस टेक्निक, म्हणजे एसआरटी. शेतात एकदाच गादीवाफे करायचे. लोखंडी साच्याने २५ सेंटिमीटर अंतरावर भोकं पाडायची आणि त्यात बी टोकायचं. चिखलणी नाही, लावणी नाही. कापणी करताना मुळं जमिनीतच ठेवायची, ती कुजून खत होतं आणि गांडुळं वाढतात. पुढचं पीक त्याच वाफ्यावर. तणनाशकाच्या वापरावरून या पद्धतीवर चर्चाही होते. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचं हे, की ज्या शेतकऱ्याला शंका आहे तो सगळं शेत बदलत नाही. तो एक तुकडा घेतो, एक हंगाम करतो, बांधावरून दोन्हीकडे बघतो आणि मग ठरवतो. भाताशिवाय इतर पिकांनाही पद्धत लागू पडू लागली, तसं नावातलं 'राईस' जाऊन 'रिजनरेटिव्ह' आलं. प्रयोगातून शिकत गेलं की नावसुद्धा बदलावं लागतं.

थोडक्यात, आपल्या आजीची म्हण आठवा. शितावरून भाताची परीक्षा. लीन स्टार्टअपचं सार तेच आहे. आता ही परीक्षा आपल्या फार्मस्टेवर करून बघू.

पायरी १: तुम्ही काय गृहीत धरलंय ते कागदावर लिहा

फार्मस्टे चालायला काय काय खरं असावं लागेल? लोक आपल्या गावापर्यंत येतील. रात्री राहतील. पूल असेल तरच येतील. ३,००० रुपये देतील. घरचं जेवण आवडेल. पावसाळा सोडूनही येतील. आई-वडिलांना परके लोक घरात चालतील.

आता यातलं कुठलं वाक्य खोटं ठरलं तर अख्खा धंदा बसेल? त्यावर खूण करा. परीक्षा तिथूनच सुरू करायची. बहुतेक जण उलटं करतात. नाव काय ठेवायचं, लोगो कसा, पूल कोणत्या आकाराचा, हे सोपे प्रश्न आधी सोडवतात, कारण त्यात मजा येते.

पायरी २: सगळ्यात लहान प्रयोग करा

रीस याला म्हणतो एमव्हीपी. सोप्या भाषेत, प्रश्नाचं उत्तर मिळेल एवढीच गोष्ट बनवायची, त्यावर एक वीटही जास्त नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये निक स्विनमर्नला ऑनलाइन बूट विकायचे होते. त्याने गोदाम घेतलं नाही. दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले आणि वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानातून बूट विकत घेऊन पाठवले. प्रत्येक जोडीमागे फारसं काही सुटत नव्हतं. पण लोक न घालून बघता बूट घेतील का, याचं उत्तर मिळालं. त्यातून झॅपोस ही मोठी कंपनी उभी राहिली.

कर्जतचा एमव्हीपी काय असेल? आपल्याकडे तर तयार आहे: पोपटी.

हिवाळ्यात वालाच्या शेंगा आल्या की रायगडात मडकं लागतंच. भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, चिकन, मीठ, ओवा. मडकं उपडं करून भोवती जाळ. याला ना खोली लागते, ना एसी. सकाळच्या लोकलने पाहुणे येतील, शेतावर फिरतील, पोपटी खातील आणि संध्याकाळच्या लोकलने परत जातील. तुमचा खर्च म्हणजे सामान, स्वच्छ संडास, पिण्याचं पाणी आणि सावलीला मांडव.

एका शनिवारी आठ-दहा अनोळखी माणसं पैसे देऊन तुमच्या शेतावर आली, तर तुमच्या यादीतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळाली. कुणीच आलं नाही, तरी मिळाली. गेले काही हजार रुपये, ६० लाख वाचले.

पायरी ३: लाइक मोजू नका, आगाऊ रक्कम मोजा

तुमच्या पोस्टला ५,००० लाइक आले. छान वाटतं. पण लाइक द्यायला पैसे पडत नाहीत. अशा आकड्यांना रीस व्हॅनिटी मेट्रिक म्हणतो, म्हणजे मनाला सुखावणारा पण निर्णयाला उपयोगी न पडणारा आकडा.

मोजायच्या गोष्टी तीनच ठेवा. किती जणांनी आगाऊ पैसे पाठवले? आलेल्यांपैकी किती जण परत आले? किती जणांनी दुसऱ्या कुणाला पाठवलं? एक वही करा, प्रत्येक शनिवारचं एक पान. "एकदा नक्की येऊ रे" हे वाक्य त्या वहीत लिहायचं नाही.

मामा-काका, शाळेतले मित्र हेही या मोजणीतून वगळा. ते तुमच्यासाठी येतात, तुमच्या धंद्यासाठी नाही.

पायरी ४: "कसं वाटलं?" हा प्रश्न विचारू नका

मराठी माणूस पाहुणा म्हणून गेला की जेवण अळणी असलं तरी "छान होतं हो" म्हणतो. संस्कारच तसे. त्यामुळे "कसं वाटलं?" याचं उत्तर कायम 'छान'च येणार.

त्याऐवजी झालेल्या गोष्टी विचारा. याआधी कुठे गेला होता? किती खर्च आला? तिथलं काय खटकलं? इथे येताना कुठे अडलं? मुलं कुठे कंटाळली? ताटात काय उरलं, हे तर विचारायचीही गरज नाही, नुसतं बघा. कुठे उभं राहून लोक फोटो काढतात, कुठल्या वेळी मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात, हेही बघा.

स्टीव्ह ब्लँक हा रीसचा गुरू. नव्या उद्योजकांना तो एकच सांगतो: ऑफिसातून बाहेर पडा, कारण उत्तरं आत नाहीत. आपल्या भाषेत, बांधावर उभं राहून बघा.

पायरी ५: पुढे जायचं, वळायचं की थांबायचं?

हे प्रयोगाआधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, "सहा शनिवारांपैकी चार शनिवारी किमान आठ जणांनी आगाऊ पैसे दिले तर दोन तंबू घेऊन मुक्काम सुरू करीन. नाहीतर नाही." आकडा आधी ठरवला नाही की मन नंतर पळवाट काढतं. "या वेळी क्रिकेटची मॅच होती ना, म्हणून आले नाहीत!"

वळणं याला इंग्रजीतला शब्द आहे पिव्हट. समजा पाहुणे मुक्कामाला तयार नाहीत, पण जाताना प्रत्येक जण गावठी भाजी आणि तांदूळ मागतो. मग कदाचित तुमचा धंदा खोल्यांचा नाहीच. आठवड्याला चाळीस घरांना भाजी-तांदूळ पोचवण्याचा आहे. जागा तीच, पाहुणे तेच, धंदा वेगळा.

सगळ्याच धंद्यांना हे जमतं का?

नाही. खालापूर तालुक्यातच खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झालं. खर्च सुमारे १,६०० कोटी. थीम पार्क अर्धवट बांधून उघडता येत नाही, सगळा पैसा आधीच ओतावा लागतो. पार्क नावाजलं, पण कर्जाचा बोजा पेलेना आणि २०२२ मध्ये कंपनीची सूत्रं मालपाणी समूहाकडे गेली. पार्क आजही चालू आहे. ज्या धंद्यात छोटा प्रयोग करता येत नाही, तिथे जोखीम किती मोठी असते ते यातून कळतं. तुमच्या धंद्यात तो करता येतो, तर ही संधी सोडू नका.

दुसरी मर्यादा हंगामाची. जुलैत कर्जतला कुणीही गर्दी खेचू शकतो, ती गर्दी पावसाची असते. जुलैचा शनिवार बघून मे महिन्याचा धंदा ठरवाल तर फसाल. भाताची जात अनेक हंगाम तपासतात ती याचसाठी. पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा, तिन्हींत प्रयोग केल्याशिवाय पक्कं बांधकाम नको. शीत एकच काढायचं, पण ते भांड्याच्या मधलं असलं पाहिजे.

पाहुण्यांच्या जिवावर प्रयोग नाही

"आधी करू, मग शिकू" हे चवीला, दराला, जाहिरातीला चालतं. सुरक्षिततेला चालत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्या रात्रीनंतर या भागात उताराखाली तंबू ठोकताना हौस बाजूला ठेवावी लागते. ओढ्याचं पाणी अचानक वाढतं. धबधब्यांवर प्रशासन पावसाळ्यात बंदी घालतं. वीज, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, रात्री गाडी काढता येईल असा रस्ता, या गोष्टी पहिल्या पाहुण्याआधी पक्क्या हव्यात.

कागदपत्रंही तशीच. माथेरान आणि भोवतालचा भाग २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तुमची जमीन त्यात येते का ते तलाठी आणि तहसील कार्यालयात विचारा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. चौकशीला एक-दोन फेऱ्या पडतील, पण तोही एक स्वस्त प्रयोगच आहे. नियमात बसत नसेल तर तेही बांधकामाआधी कळलेलं बरं.

मग आता करायचं काय?

या आठवड्यात फक्त तीन कामं करा. गृहीत धरलेल्या गोष्टींची यादी लिहा. त्यातली सगळ्यात धोक्याची एक निवडा. आणि ती तपासायला एका शनिवारचा, काही हजारांत बसणारा प्रयोग ठरवा.

पहिल्या वर्षात धंद्याने पैसा मिळवलाच पाहिजे असं नाही. त्याने उत्तरं मिळवली पाहिजेत. उत्तरं हातात आल्यावर बँकेत गेलात तर मॅनेजरसमोर टेबलावर ठेवायला रीलऐवजी तुमची वही असेल. किती शनिवार, किती माणसं, किती आगाऊ रक्कम, किती जण परत आले.

आणि उत्तर 'नाही' आलं, तरी वडिलांची जमीन वडिलांच्याच नावावर राहील. पुढचा प्रयोग करायला तीच तर लागणार आहे.